डॅशबोर्डवरचे देव

जुनी गाडी दाखवायच्या आधी तिच्यात सेंट मारतात. मोगऱ्याचा, लिंबाचा, नाहीतर नुसताच गोड, घशाला चिकटणारा. दोन आठवड्यांत मी अकरा गाड्यांची दारं उघडली, त्यांतल्या आठांतून तो वास अंगावर आला. तीन गाड्यांत सेंटच्या खाली ओल्या गोणपाटाचा वास होता, म्हणजे गाडी कधीतरी पाण्यात उभी होती. एकीचं इंजिन मी पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं होतं. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज करतं तो मला ऐकू येऊ नये म्हणून. बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला.

"ऊन किती आहे बघा ना मॅडम," विकणारा म्हणाला. गाडी शेडखाली उभी होती.

एक गृहस्थ स्वतःची म्हणून गाडी दाखवत होते. आरसी बुकावर बाईचं नाव. "मिसेसची," म्हणाले. आडनाव वेगळं कसं, विचारलं. "मिसेसच्या बहिणीची." मी ते लिहून घ्यायला लागले तसे चिडले. "लिहिता कशाला? आपण काय कोर्टात आहोत का?"

मी एका शाळेच्या ऑफिसात मुख्य लिपिक आहे. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. गाडीसाठी मी एकतीस प्रश्न काढले होते. ओळखीच्या मेकॅनिकला अर्धा दिवस बसवून, एकेक विचारून. ब्रेकच्या पायाखालचं रबर किती झिजलंय. चारी टायर एकाच साली बनलेले आहेत का. स्टेपनीच्या खालचा पत्रा कसा आहे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का. नुसता विझलेला चालत नाही, आधी लागला पाहिजे. हे सगळं वहीत, माझ्या अक्षरात, समोर खुणेसाठी चौकोन, प्रत्येक गाडीला वेगळं पान.

गाडी हौसेसाठी नको होती. माझ्या आईचं दोन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आम्ही नाशिकरोडला एकलहऱ्याच्या बाजूला राहतो, नवरा वीज केंद्रात शिफ्टमध्ये, हॉस्पिटल द्वारका चौकाच्या पुढे. जाताना आई रिक्षात नीट बसते. येताना तिचं बीपी उतरलेलं असतं, मान धरत नाही. एका शुक्रवारी सिग्नलला रिक्षानं ब्रेक मारला आणि ती सीटवरून सरकून खाली माझ्या पायांत बसली. रिक्षावाले काका आणि मी, दोघांनी तिला उचललं. मागून हॉर्न वाजत होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आता बास. मी येणार नाही. मशीनचं काही नाही गं, हा रस्ता मारतो मला."

"गाडी घेतली तर येशील?"

"पाय लांब करता आले तर येईन." मग जरा थांबून, "दोन आठवडे काढते कसेतरी. पुढचं सांगत नाही."

आई बोलते ते करते. त्यामुळे हे दोन आठवडे खरे दोन आठवडे होते.

पाथर्डी फाट्याच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या दुकानांची ओळच आहे. त्यातल्या एकाला मी फोन केला. पन्नाशीचा आवाज, गोड. कोणती गाडी, किती लोक बसणार, सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, "ताई, आडनाव काय आपलं?"

आडनाव विचारलं की मी सावध होते. आयुष्यात हा प्रश्न मला भाड्याच्या खोल्या शोधताना बऱ्याचदा विचारला गेलाय, आणि त्यानंतर "खोली आत्ताच गेली" हे उत्तरही. मी आडनाव सांगितलं.

"जय भीम ताई! आधी नाही का सांगायचं! मग तुमच्यासाठी आपल्याच माणसाची गाडी आहे. इथं-तिथं फिरू नका. या."

मी विरघळले. दुसरा शब्द नाही.

मंगळवारी आईला घेऊन गेले. तिला बसून बघायचं होतं. चंदेरी रंगाची छोटी गाडी, अंगणात सगळ्यांत पुढे. डॅशबोर्डवर बुद्धाची पांढरी मूर्ती, वीतभर. मागच्या काचेवर पिंपळपानाचं स्टिकर. सेंटचा वास नाही. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा मंद वास होता. आज वाटतं, तोसुद्धा आणलेलाच असणार.

"एका रिटायर गुरुजींची आहे," तो म्हणाला. "आपल्या समाजाचे. दर पौर्णिमेला त्रिरश्मी लेणी, बाकी गाडी घरात. कव्हर घालून. डोळे गेले म्हणून काढली, नाहीतर कसली देतात!"

आईनं मूर्तीला हात जोडले. मीही जोडले. जोडलेल्या हातांत वही धरता येत नाही, ती मी पर्समध्ये टाकली.

त्यानं आईसाठी गादीची खुर्ची बाहेर आणली. तिला 'आई' म्हणाला. चहा मागवला. मी म्हटलं, तिला पाणी मोजून असतं, चहा अर्धा कपच. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. त्यानं मान हलवली, जिभेनं चुकचुक केली. "माझ्या सासूलाही होतं," म्हणाला. "किती त्रास असतो मला विचारा. आईंना मागं आडवं होता येईल असं बघा. बसा आई, बसून बघा."

आई मागच्या सीटवर बसली, पाठ तिरकी टाकली, पाय लांब केले. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. "गुरुजींनी नीट ठेवलीय गं," ती म्हणाली. "हीच घे."

वहीत त्या गाडीच्या पानावर एकतीसपैकी नऊ चौकोनांत खूण आहे. टायर, दिवे, वायपर, हॉर्न, असलं. पानाच्या खाली मी लिहिलंय: "माणूस चांगला वाटला." माझ्या अक्षरात. हे वाचताना आजही माझे कान तापतात. शाळेत एखाद्या पालकानं अर्धा अर्ज भरून आणला तर मी तो परत करते. इथे माझाच अर्ज मी अर्धा भरून मंजूर केला होता.

टोकन दिलं. रविवारी गाडी न्यायची ठरली.

संध्याकाळपर्यंत आईनं कॉलनीत सगळ्यांना सांगून टाकलं. आपल्याच एका गुरुजींची गाडी. बुधवारी डायलिसिसला रिक्षातून जाताना ती पहिल्यांदाच कुरकुरली नाही. येताना डोळे मिटून म्हणाली, "हा शेवटचा आठवडा."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा तिकडे गेले. न सांगता. संशय म्हणून नाही. आईची घडीची व्हीलचेअर डिकीत मावते का ते मापायचं राहिलं होतं, टेप घेऊन गेले.

गाडी जागेवर होती. नंबर तोच. डॅशबोर्डवर मात्र सप्तशृंगीचा फोटो, त्याला लाल चुनरी, पुढे हळदकुंकवाचं वाळकं बोट. मागच्या काचेवरचं पिंपळपान गेलं होतं. तिथे काच जरा जास्त स्वच्छ दिसत होती.

गाडीशेजारी टोपीतले एक शेतकरी काका आणि त्यांची बायको उभे होते. आमचा दुकानदार त्यांच्याशी अहिराणीत बोलत होता. माझ्याशी बोलताना त्याच्या तोंडी अहिराणीचा एक शब्द आला नव्हता.

"दादा, आपला तिकडला मास्तरनी गाडी शे. दर पुनवले गडवर जायेल शे, बाकी घरमाच. डोळा गयात म्हणीसन काढी."

तेच गुरुजी. तीच पौर्णिमा. तेच डोळे. फक्त लेण्यांचा गड झाला होता.

मी जागच्या जागी उभी राहिले. ऑफिसचं दार उघडं होतं आणि दारामागे एक प्लास्टिकचा क्रेट दिसत होता, भाजीवाल्यांकडे असतो तसा. त्यात वायपरची जुनी पाती, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची रिळं, गणपती, साईंची मूर्ती, एक क्रूस, हिरव्या अक्षरांचं स्टिकर, आणि बाजूला आडवा पडलेला आमचा बुद्ध. डोक्यावर ग्रीसचं बोट उमटलेलं.

दुकानदारानं मला पाहिलं. माणूस दचकतो, तसा तो दचकलासुद्धा नाही.

"अरे ताई! तुमची गाडी आत आहे हो, वॉशिंगला. ही दुसरी."

मी पर्समधून वही काढली आणि नंबर वाचून दाखवला. सगळा, हळूहळू.

तो जवळ आला, आवाज खाली आणला. "ताई, धंदा आहे. गिऱ्हाईकाला बरं वाटतं. देव काय, सगळे सारखेच."

"टोकन घेतलेली गाडी दुसऱ्याला दाखवताय."

"रविवारी तुम्ही नाही आलात तर? मी काय करू?"

मी त्याच्याशी बोलणं सोडलं आणि गाडीची डिकी उघडली. व्हीलचेअर मापायला आले होते, ते राहिलं. मॅट उचलली, स्टेपनी बाजूला ढकलली. खाली पत्र्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत वेल्डिंगची जाड शिवण होती, वरून ताजा काळा रंग. माझ्या यादीतला सतरावा प्रश्न. मेकॅनिकनं सांगितलं होतं: तिथे आडवी शिवण दिसली तर मागचा भाग दुसऱ्या गाडीचा कापून जोडलेला असतो, मागून कुणी ठोकलं तर घडी होते. मंगळवारी मी मॅट उचलली असती तर दहा सेकंदांत दिसलं असतं.

"काका, इकडे या," मी शेतकऱ्यांना हाक मारली. "हे बघा."

काका आले, वाकले. त्यांची बायकोही वाकली. तिनं बोटानं शिवण चाचपली.

"हाई त गोठाना दरवाजाले जोडस तसं शे," ती नवऱ्याला म्हणाली.

"सगळ्या गाड्यांना असतं ताई ते, कंपनीचं," दुकानदार म्हणाला. आता पुन्हा माझ्या मराठीत.

"मग किल्ली द्या."

त्यानं दिली नाही. काकांनी मागितली तेव्हा दिली. मी पुढे बसून किल्ली अर्धी फिरवली आणि काकांना दाखवलं. सगळे दिवे लागले, बॅटरीचा, तेलाचा. एअरबॅगचा नाही. "हा आधी लागायला हवा, मग विझायला हवा. हा लागतच नाहीये. म्हणजे आत फुगा नाही, बल्बसुद्धा काढून टाकलाय. धडक बसली तर पुढे काही नाही."

काका विचार करून म्हणाले, "लाइट लागत नही म्हंजे चांगलंच ना? लाल लाइट लागना तर बिघाड ऱ्हास."

"बरोबर बोलले दादा!" दुकानदार हसला. "ताई जरा टेन्शनमध्ये आहेत. घरी पेशंट आहे."

काका कुठले ते विचारलं. नामपूरचे, कांद्याच्या मार्केटला गाळा. लेकीला नाशिकला कॉलेजला ने-आण करायला गाडी हवी होती. मी त्यांना सांगितलं की मंगळवारी इथे बुद्धाची मूर्ती होती आणि हेच गुरुजी माझ्या समाजाचे होते. क्रेटकडे बोट केलं. काकांनी क्रेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दुकानदाराकडे.

"ताई, तुमनं तुमनापाशी," ते सावकाश म्हणाले. "हाऊ आपला तिकडला माणूस शे. आपली भाषा बोलस. हाऊ आपलाशी खोटं कसाले बोली?"

मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. मंगळवारी एखादी अनोळखी बाई येऊन मला हेच सांगू लागली असती, तर मी तिला याहून सभ्य उत्तर दिलं असतं का, मला शंका आहे.

मी दुकानदाराकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं माझी आई मागे बसणार. आडवी. आठवड्यातून तीन दिवस. तुम्ही स्वतः तिला त्या सीटवर बसवलंत."

तो अगदी जवळ आला. समजुतीच्या सुरात, घरचा माणूस बोलतो तसा बोलला. हे वाक्य मी वहीत लिहिलेलं नाही, लिहायची गरज पडली नाही.

"ताई, खरं सांगू? डायलिसिसचं माणूस. किती दिवस गाडी वापरायचीय तुम्हाला? तेवढ्यात काही होत नाही."

मी टोकन परत मागितलं. काका बघत होते म्हणून असेल, त्यानं खिशातून काढून लगेच दिलं. नोटा कोमट होत्या. मी त्या पर्सच्या वेगळ्या कप्प्यात टाकल्या आणि शाळेत पोचल्यावर साबणानं दोनदा हात धुतले. तिथून निघताना वहीतलं यादीचं एक कोरं पान फाडून काकांच्या हातात दिलं. "मेकॅनिकला दाखवा, त्याच्याकडून हे सगळं बघून घ्या." त्यांनी न वाचता घडी करून खिशात ठेवलं. त्यांची बायको मात्र गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली होती. दुकानदार दार उघडून "बसा वहिनी, बसा" म्हणत होता आणि ती पदर धरून नाही नाही करत होती. त्यांनी ती गाडी घेतली की नाही, मला माहीत नाही.

क्रेटमधली मूर्ती उचलून आणावी असं वाटलं होतं. आणली नाही. त्याच्याकडची कुठलीही वस्तू घरात नको होती.

आईला संध्याकाळी सगळं सांगितलं, दुकानदाराचं ते शेवटचं वाक्य सोडून. तिनं मूर्ती कुठे ठेवली होती ते विचारलं. मी सांगितलं. ती भिंतीकडे वळून झोपली.

शुक्रवारी सकाळी रिक्षावाले काका दारात हॉर्न वाजवत होते आणि आई उठेना. "मी दोन आठवडे म्हणाले होते. झाले." नवऱ्यानं समजावलं, मी आधी समजावलं, मग ओरडले. काकांना परत पाठवलं. हॉस्पिटलला फोन केला. तिथली सिस्टर म्हणाली, "एक चुकलं तर चालेल असं मी म्हणणार नाही हं. सोमवार चुकवू नका." शनिवारी दुपारी आईच्या पावलांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

त्याच शनिवारी मी ओझरला गेले. तिथल्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका माणसाची गाडी, जाहिरात नवऱ्याच्या सहकाऱ्यानं दाखवलेली. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "चहा मिळणार नाही, बायको गावाला गेलीय. गाडी खाली आहे. काय बघायचं ते बघा." आडनाव विचारलं नाही. बरोबर एक फाइल दिली, सर्व्हिसच्या पावत्या सालवार लावलेली. मी वर बघितलं तर म्हणाले, "एसी कमी चालतो. डावं मागचं दार जोरात लावावं लागतं. पुढचा बंपर मी स्वतः खांबाला ठोकलाय. भाव कमी करणार नाही."

मी एकतीसही प्रश्न विचारले, यादी पाठ झाली होती. मॅट उचलली. किल्ली फिरवली, दिवा लागला, विझला. रविवारी माझ्या मेकॅनिकनं गाडी रॅम्पवर चढवून दीड तास पाहिली आणि त्यांनी न सांगितलेली एक गोष्ट काढली: सायलेन्सर गंजलाय. फोन केला. "ते मला माहीत नव्हतं," ते म्हणाले, आणि सायलेन्सरचे पैसे वजा केले. त्यांचे आभार मानताना माझा आवाज कोरडा होता. मला कळत होतं, पण तो ओला होईना. सगळं तपासूनही मी त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होते. त्या पाथर्डी फाट्याच्या माणसानं माझ्या मनात जी घाण केली ती या सभ्य माणसाच्या अंगणात मी पायांनी घेऊन गेले होते.

रविवारी रात्री आईला दम लागत होता. ती बसूनच झोपली.

सोमवारी सकाळी मी तिला काही विचारलं नाही. नवऱ्यानं गाडी दारात लावली, पुढची सीट जितकी जाते तितकी पुढे सरकवली, मागे उशी आणि चादर टाकली. आई दारात येऊन उभी राहिली. पायांत चपला येत नव्हत्या, सुजेमुळे. तिनं गाडीकडे बराच वेळ पाहिलं.

"कुणाची होती?"

"ओझरच्या एका माणसाची."

"आपल्यातले?"

"माहीत नाही. विचारलं नाही."

"आणि स्टेपनीखाली बघितलंस?"

"बघितलं. मेकॅनिकनं पण बघितलं."

ती अनवाणीच उतरली, मागे बसली, पाय लांब केले. डावं दार पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा तिनं आतून ओढलं आणि मी बाहेरून ढकललं.

येताना ती झोपली होती. मी पुढून सारखी मागे वळून बघत होते. मान उशीवर नीट होती, दम लागत नव्हता, पावलांवरची सूज थोडी उतरलेली. सिग्नलला नवऱ्यानं हळू ब्रेक मारला. तिनं डोळे उघडले, खिडकीबाहेर पाहिलं, कुठे आलो त्याचा अंदाज घेतला.

"बुधवारी किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

"साडेसहाला."

"सव्वासहाला उठव. आज घाई झाली," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.